मोहाचा काळ आणि चाळीस दिवसांचे व्रत



फाल्गुन सरत आला म्हणजे आमच्या अर्जुनी मोरगावच्या आसपासच्या रानात मोहाची फुले गळू लागतात. पहाटेच टोपल्या घेऊन बायकापोरे झाडांखाली जमतात. ही फुले वाळवून गरिबाच्या घरी खाण्याच्या उपयोगी पडतात, आणि हीच फुले आंबवून दारूही गाळतात. फूल एकच, त्याचे अन्न करावे की मद्य, हे माणसाच्या हाती. वृक्षाचे नाव संस्कृत ‘मधूक’ शब्दावरून आले, हे खरे. तथापि मनास पडणाऱ्या मोहाशी ते जुळावे, हा योगायोग माझ्यासारख्या जुन्या मास्तराच्या नजरेतून सुटणारा नव्हे.

याच सुमारास ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ, म्हणजे लेंट, चालू असतो. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारापर्यंत मोजल्यास ४६ दिवस भरतात. त्यांतील ६ रविवार पुनरुत्थानाच्या आनंदाचे म्हणून वगळले जातात आणि ४० उरतात. आरंभीच्या बुधवारी कपाळी जी राख लावतात, ती बहुधा मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते. माणूस मातीचा आहे, याची ती आठवण होय. कॅथॉलिक पंथात राखेच्या बुधवारी व गुड फ्रायडेला प्रौढांनी एकच पूर्ण भोजन करावे, असा नियम आहे. परंतु उपवासाच्या जोडीला प्रार्थना व दानधर्म हवाच. आपल्याकडे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असे म्हणतात. तशी या व्रताची गत होऊ नये, म्हणून ही तिहेरी वीण.

चाळीस ही संख्या येशूच्या अरण्यातील उपवासावरून आली. मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतान त्याच्यापुढे तीन मोह ठेवतो. पहिला, धोंड्यांच्या भाकरी करण्याचा. दुसरा, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून देवाची परीक्षा पाहण्याचा. तिसरा, सैतानास नमन करून जगाची राज्ये मिळविण्याचा. भाकर काही पाप नव्हे. भुकेल्यास तर ती हक्काची. मोह येतो तो पुष्कळदा असा सभ्य वेषात! येशू तिन्ही वेळा धर्मशास्त्रातील, मुखोद्गत असे एकेक वचन सांगतो आणि थांबतो. तो वाद वाढवीत नाही.

ही कथा मराठीस नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराणा’त ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध केले. पुढे १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस ‘नवा करार’ दिला. तो लोहमार्ग आमच्या गोंदियावरूनच जातो. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन वेधले, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच प्रवचनात उपवास करणाऱ्याने तोंड धुऊन प्रसन्न राहावे, उपवासाचे प्रदर्शन मांडू नये, असा उपदेश आहे. आणि मोहात पडू न देण्याविषयीची प्रार्थनाही तेथेच आहे. तेथील मूळ ग्रीक शब्दात ‘मोह’ व ‘परीक्षा’ हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत.

आता थोडे स्वतःविषयी. मी ख्रिस्ती नव्हे. मला तंबाखूचे व्यसन होते. एके दिवशी वर्गातील एका मुलाच्या खिशात खर्ऱ्याची पुडी सापडली. मी त्यास सर्वांदेखत उभे करून खूप बोललो. त्या वेळी माझ्या स्वतःच्या खिशात चंची होती! मुलगा काही बोलला नाही. त्याने केवळ माझ्या खिशाकडे पाहिले. ती नजर आजही विसरता येत नाही. कितीदा तरी निश्चय केला, पण तो चार दिवसांपलीकडे टिकेना.

आमचे एक ख्रिस्ती सहशिक्षक होते. त्यांच्यापाशी मी हे बोललो, तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, तुम्ही तंबाखूशी वाद घालता. वादात ती कधी हरत नाही. हात खिशाकडे जाण्यापूर्वीच प्रार्थना करा, आणि ती लहान असू द्या.” त्यांच्या उपवासकाळात मीही आपल्या देवास स्मरून व्रत धरले. अकराव्या दिवशी ते मोडले. मी खाली मान घालून सांगितले, तर ते म्हणाले, “राख कशासाठी लावतो आम्ही? उद्या पुन्हा आरंभ करा.” त्या वर्षी सव्वीस दिवस साधले, पुढील वर्षी पूर्ण चाळीस. त्यानंतर चंची घरात आली नाही. वाचलेले पैसे शाळेतील गरजू मुलांच्या वह्यांसाठी गेले.

यावरून मला उमगले ते इतकेच. प्रार्थना म्हणजे आपल्या बळाची बढाई नव्हे, तर दुर्बलतेची प्रामाणिक कबुली. ‘मला एकट्याला हे जमत नाही’ असे जो म्हणू शकतो, त्याच्याच ठायी श्रद्धेला जागा मिळते. जो आपल्या निश्चयावरच विसंबतो, तो एकदा पडला की निराश होतो. श्रद्धावान पडतो आणि पुन्हा उठतो. मोहाची फुले दरवर्षी गळणारच. त्यांचे अन्न करावयाचे की मद्य, हा निर्णय मात्र टोपली भरण्यापूर्वीच झालेला बरा.