पर्यायाची पारख

दिल्लीच्या दक्षिण भागातील आर. के. पुरम ही सरकारी नोकरांची आणि सरकारी कचेऱ्यांची वसाहत. तेथील वेस्ट ब्लॉकच्या इमारतीत वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगाचे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे. राष्ट्रपतींच्या २७ एप्रिल १९६० च्या आदेशाला अनुसरून हा आयोग १९६१ च्या ऑक्टोबरात स्थापन झाला आणि विख्यात पदार्थवैज्ञानिक डॉ. दौलतसिंग कोठारी हे त्याचे पहिले अध्यक्ष झाले. इंग्रजीतील शास्त्रीय संज्ञांना भारतीय भाषांत पर्याय ठरविणे हे आयोगाचे कार्य. वरकरणी ते सोपे वाटते; परंतु शब्दांची मोड ही नाण्यांच्या मोडीसारखी नसते. रुपयाची मोड कोणत्याही दुकानात सारखीच मिळते. शब्दाची मात्र दुकान पाहून घ्यावी लागते.

‘चार्ज’ हा नित्याचा इंग्रजी शब्द घ्या. बदली झालेला अधिकारी दुसऱ्याकडे चार्ज देतो, तेव्हा मराठीत तो कार्यभार होतो. न्यायालयात आरोपीवर चार्ज ठेवला जातो, तेव्हा तो दोषारोप. विजेच्या देयकात तोच शब्द आकार होऊन येतो. पोलिसांनी लाठ्या चालविल्या तर तो लाठीमार. आणि पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात इलेक्ट्रॉनवर असतो तो प्रभार. मूळ शब्द एक, पण पर्याय पाच. आणि एकाच्या जागी दुसरा ठेवला की अर्थाचा अनर्थ होतो.

म्हणूनच पर्याय शोधणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावयाचा, तो शब्दाचा अर्थ काय हा नव्हे. शब्द कोणत्या शास्त्रातला, कोणत्या व्यवहारातला, हा होय. दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. विजेच्या क्षेत्रात ‘लोड’साठी भार हा शब्द रूढ आहे, भारनियमन हा शब्द तर घरोघरी पोहोचला आहे. तेथे ‘चार्ज’लाही भार म्हटले, तर दोन भिन्न कल्पना एकाच नावाने वावरू लागतील. बल, ऊर्जा आणि शक्ती हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी चालून जातात. पदार्थविज्ञानात मात्र त्यांची राशी वेगळी, एकक वेगळे. तिसरा प्रश्न शब्दाच्या संततीचा. प्रभार या शब्दापासून प्रभारित, धनप्रभार, ऋणप्रभार असे शब्द सहज निपजतात. ज्याला असा विस्तार साधत नाही, तो पर्याय आरंभी कितीही गोड वाटला तरी पुढे अडतो.

पर्याय शक्य तितके सर्व भारतीय भाषांत समान असावेत, हे आयोगाचे एक मान्य तत्त्व. त्याचा मार्ग अर्थातच संस्कृत धातूंकडे जातो. परंतु संस्कृत शब्द त्या त्या भाषेत नांदताना निरनिराळे वळण घेतात. हिंदीत विद्युत् चार्जला आवेश म्हणतात. मराठी माणसाला आवेश म्हटला की व्यासपीठावरचा वक्ता आठवतो. उलट मराठीतील प्रभार हिंदी कचेरीत कार्यभाराच्या अर्थाने वापरला जातो. मराठी विद्यार्थी जीवशास्त्रात पेशी म्हणतो, त्या ‘सेल’ला हिंदीत कोशिका म्हणतात, आणि हिंदीतील मांसपेशी म्हणजे मराठीतील स्नायू. शिक्षा हा हिंदीतील मंगल शब्द मराठीत दंड होतो, हे तर सर्वश्रुत आहे. शब्दाचे रूप समान ठेवल्याने अर्थही समान राहतो, असे नाही.

सगळेच शब्द भाषांतरित करावेत असाही आग्रह नाही. हायड्रोजनसारखी मूलद्रव्यांची नावे, व्होल्ट व अँपिअर यांसारखी व्यक्तींच्या नावांवरून आलेली एकके, ही तशीच लिप्यंतरित करावीत, असे आयोगाचे धोरण आहे. जेथे शब्दात कल्पना आहे तेथे पर्याय हवा. जेथे केवळ नाव आहे तेथे नावच बरे.

महाराष्ट्राला हा उद्योग नवा नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सतराव्या शतकात राजव्यवहारकोश सिद्ध झाला, त्यात फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय निघाले आणि त्याने शास्त्रवार परिभाषा कोश प्रसिद्ध केले. सावरकरांनी सुचविलेला महापौर आज कोणाला परका वाटत नाही. त्याच काळात घडविलेले इतर कित्येक शब्द मात्र कोशातच राहिले.

कारण कोश हा शब्दाला जन्म देतो, आयुष्य देत नाही. ते देतात शिक्षक, वकील, वार्ताहर आणि विद्यार्थी. आपल्यावर नेमका कोणता दोषारोप आहे हे ज्याला स्वतःच्या भाषेत कळते, त्यालाच आपला बचाव नीट करता येतो. प्रभार आणि भार यांतील भेद ज्या मुलाला मराठीत उमगतो, त्याला पुढे तो कोणत्याही भाषेत उमगेल. पर्यायाची पारख करणे म्हणजे शब्दांचा खेळ नव्हे. ज्ञानाचे आणि न्यायाचे दार सामान्य माणसाला किती उघडे राहील, हे त्यावर ठरते.