प्रमाण आणि संशय

परंपरा ज्यांचे नाव रामटेकशी जोडते, ते आचार्य नागार्जुन ‘विग्रहव्यावर्तनी’त विचारतात : वस्तूंचे ज्ञान प्रमाणांनी होते, तर प्रमाणांची सिद्धी कशाने? दुसऱ्या प्रमाणांनी म्हटल्यास अनवस्था ओढवते. प्रमाणांवाचून म्हटल्यास मूळ प्रतिज्ञाच ढळते. तथापि हा संशयवाद नव्हे. संजय बेलट्ठिपुत्त निश्चित उत्तरच टाळीत असे; नागार्जुन व्यवहारातील ज्ञान मानतात, त्याचे स्वयंसिद्धत्व तेवढे नाकारतात. भगवान बुद्धांनीही कालामांची शंका योग्य ठरविली, परंतु त्यांना शंकेत थांबू दिले नाही. कुशल-अकुशल स्वतः जाणून घेण्यास सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लक्षावधींनी जुने शास्त्रप्रामाण्य नाकारले. हीच कसोटी आम्ही आपल्या ग्रंथांना लावली नाही, तर तो धम्मविचय नव्हे, पक्षपात ठरेल.