रोमचें दप्तर व डॉलिंगर-प्रकरण

ज्या कॅथलिकास आपल्याच धर्मसंस्थेची शिकवण पटत नाहीं, त्यास त्या संस्थेनें कोणत्या रीतीनें उत्तर द्यावें, हा प्रश्न वरकरणी केवळ धर्मशास्त्राचा दिसतो. परंतु एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील म्यूनिच येथें उद्भवलेल्या एका प्रकरणांत वादी स्वतः इतिहाससंशोधक होता, पुरावा जुन्या पोथ्यांचा होता, आणि उत्तराचा एक भाग दहा वर्षांनीं दप्तरखान्याच्या दारांतून बाहेर आला. सबब संशोधकांनीं या प्रकरणाचा परामर्श घेणें अस्थानीं होणार नाहीं.

इग्नात्स फॉन डॉलिंगर (जन्म १७९९) हा कॅथलिक धर्मोपदेशक १८२६ पासून म्यूनिच विद्यापीठांत चर्चच्या इतिहासाचें अध्यापन करीत असे. तो मूळचाच बंडखोर होता असें मानूं नये. त्याच्या उमेदीचीं कित्येक वर्षें लूथरच्या पंथाचें खंडन करण्यांत गेलीं होतीं. पुढें पोप नववा पायस यानें धर्मपरिषद बोलाविली, व पोपनें आपल्या सर्वोच्च अधिकारानें दिलेला धर्मनिर्णय प्रमादातीत होय असा सिद्धान्त तींत मांडला जाणार हें दिसूं लागलें, तेव्हां १८६९ सालीं ‘यानुस’ या टोपणनांवाखालीं डॉलिंगरनें त्याविरुद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. तो लागलीच निषिद्ध ग्रंथांच्या यादींत गेला. या ग्रंथाची भाषा तिखट आहे, आणि पोपच्या सत्तेची बहुतेक सारी वाढ बनावट कागदांच्या माथीं मारण्याचा त्याचा हव्यास आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. तथापि त्यानें व त्याच्या पक्षानें पुढें केलेला एक पुरावा असा होता कीं, तो सहज बाजूस सारतां येत नव्हता.

तो पुरावा पोप होनोरियस (६२५–६३८) याजसंबंधींचा होय. ख्रिस्ताच्या ठायीं इच्छा एक कीं दोन, या वादांत होनोरियसनें लिहिलेल्या पत्रांबद्दल ६८०–८१ च्या सहाव्या सार्वत्रिक धर्मपरिषदेनें त्यास, मरणोत्तर, पाखंडी ठरविलें. एवढ्यावरच हें थांबलें नाहीं. ‘लीबेर दियुर्नुस’ म्हणून पोपच्या चिटणिशींतील लेखनपद्धतीचा एक संग्रह आहे. आपल्याकडील मेस्तकांच्या जातीचा म्हटल्यास चालेल. नव्या पोपनें करावयाची श्रद्धाप्रतिज्ञा त्यांतील ८४ व्या कलमांत आहे, व तींत त्या परिषदेचे शाप, होनोरियसवरील शापासुद्धां, मान्य केलेले आहेत. होल्स्टेनियस या पंडितानें ही पोथी रोमांत १६५० सालीं छापून तयार केली. परंतु अधिकाऱ्यांनीं प्रकाशनास मनाई केली व छापील प्रती व्हॅटिकनमध्यें पडून राहिल्या. अखेर १६८० सालीं गार्निए नांवाच्या जेझुइटानें पॅरिसमधील दुसऱ्या पोथीवरून तो ग्रंथ प्रसिद्ध केला.

प्रतिपक्षाचें उत्तर असें कीं, होनोरियसचीं पत्रें हा सर्वोच्च अधिकारानें सर्व चर्चसाठीं दिलेला निर्णय नव्हताच. म्हणून त्यांतील चूक या सिद्धान्ताच्या आड येत नाहीं. हें उत्तर पोकळ नाहीं. परंतु ज्याची बाजू मजबूत, त्यानें कागद कोंडून ठेवावा कशास? बंद कपाटामुळें चांगल्या युक्तिवादासही संशयाची बाधा होते.

परिषदेच्या वेळींही तेंच घडलें. ट्रेंटच्या जुन्या परिषदेची कार्यपद्धति दप्तरांत होती. ती विरोधी बिशपांस दाखविल्याच्या आरोपावरून व्हॅटिकनचा दप्तरदार थाइनर यास १८७० सालीं अधिकार गमवावा लागला. १८ जुलै १८७० रोजीं ५३३ विरुद्ध २ मतांनीं सिद्धान्त संमत झाला. बहुतेक विरोधक बिशप मतदानापूर्वींच रोम सोडून गेले होते. त्यांपैकीं हेफेले हा स्वतः धर्मपरिषदांचा इतिहासकार. होनोरियसवर त्यानेंही लिहिलें होतें. परंतु एप्रिल १८७१ मध्यें त्यानेंही मान तुकविली.

डॉलिंगरनें ती तुकविली नाहीं. २८ मार्च १८७१ च्या पत्रांत त्यानें आर्चबिशप शेर यास कळविलें कीं, ख्रिस्ती, धर्मशास्त्री, इतिहासकार व नागरिक या चारही नात्यांनीं आपणांस हा सिद्धान्त स्वीकारतां येत नाहीं. आपणांस बिशपांसमोर अगर जाणत्यांच्या मंडळासमोर पुरावा मांडूं द्यावा. आर्चबिशपाचें म्हणणें असें कीं, परिषदेनें निकाल दिल्यावर पुनः तपासणी करणें म्हणजे इतिहासशास्त्रास चर्चच्या वर बसविणें होय. चर्चच्या स्वतःच्या तत्त्वानुसार हें सुसंगत आहे, यांत शंका नाहीं. परंतु मागितलेली भेट नाकारल्यामुळें होनोरियसचा प्रश्न होता तेथेंच राहिला. १७ एप्रिल रोजीं डॉलिंगर बहिष्कृत झाला. त्यानें बहिष्कार पाळला. मिस्सा म्हणणें सोडलें. आणि त्याच्या अनुयायांनीं ‘जुने कॅथलिक’ नांवाची निराळी संस्था उभारली, तरी वेदीसमोर दुसरी वेदी मांडणें त्यास रुचलें नाहीं.

यानंतरचा भाग संशोधकांस विशेष महत्त्वाचा. १८७८ सालीं तेरावा लिओ पोप झाला. दुसऱ्याच वर्षीं त्यानें दप्तराचा प्रमुख म्हणून नेमला तो हेर्गेनरोटर, म्हणजे ‘यानुस’चें सविस्तर खंडन लिहिणारा विद्वान! १८८१ मध्यें व्हॅटिकनचें दप्तर अभ्यासकांस, पंथभेद न करितां, खुलें झालें. १८ ऑगस्ट १८८३ च्या पत्रांत लिओनें, इतिहासानें असत्य सांगूं नये व सत्य सांगण्यास भिऊं नये हा सिसेरोचा दंडक उद्धृत करून, चर्चच्या कैवारासाठींच मूळ साधनें शोधण्याचा आदेश दिला. सिद्धान्ताचें एक अक्षरही बदललें नाहीं. बदलली ती वादाची जागा. पास्टरसारख्या निष्ठावंत कॅथलिकास पोपांचा इतिहास मूळ कागदांवरून लिहितां आला, आणि विरोधकासही तेच कागद पाहतां आले.

‘लीबेर दियुर्नुस’ची व्हॅटिकनमधील पोथी झिकेल यानें संपादून १८८९ सालीं व्हिएन्ना येथें प्रसिद्ध केली. डॉलिंगर त्या वेळीं नव्वद वर्षांचा होता. पुढल्याच जानेवारींत म्यूनिच येथें तो वारला. बहिष्कार उठला नव्हता.