श्वास मोजताना सांगायचं नसतं
नर्सिंगच्या पहिल्या वर्षी इंजेक्शन लगेच हाती येत नाही. आधी हात धुणं, चादर घालणं, नाडी पाहणं. साबणाने नीट हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात. बोटांच्या बेचक्या आणि अंगठे हमखास राहून जातात. चादरीला सुरकुती नको, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची त्वचा तिथे सोलवटू शकते. नाडी अंगठ्याने पाहत नाहीत; त्याचेच ठोके जाणवतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती श्वास मोजण्याची रीत. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची, नजर मात्र छातीवर. सांगून मोजलं की पेशंटचा श्वास बदलतो. पूर्ण मिनिटभर मोजायचं. निवांत असलेल्या प्रौढाचे साधारण 12 ते 20 भरतात. आकडा तिथल्या तिथे चार्टवर लिहायचा.