संदेष्ट्यांचा मृत्यू : कुराणातील वचनांचा मेळ

हैदराबादेतील आपल्या एका धर्मशिक्षकाने काही काळापूर्वी मजपुढे एक प्रसंग मांडला. शेजारच्या मुसलमान गृहस्थांशी बोलताना त्याने कुराणातील एक वचन पुढे केले आणि विचारले, "येशू मरण पावला असे तुमचेच शास्त्र सांगते, मग तुम्ही क्रूस का नाकारता?" त्या गृहस्थांनी शांतपणे दुसरे वचन काढून दाखविले. वाद तेथेच थांबला. पण त्यानंतर दोन्ही घरांचे येणेजाणेही थांबले. "फादर, माझे चुकले कोठे?" असा त्या धर्मशिक्षकाचा प्रश्न होता. त्याचे उत्तर द्यावयाचे, तर ही वचने एकत्र ठेवून वाचली पाहिजेत.

संदेष्टे मर्त्य आहेत, याविषयी कुराणात संदिग्धता नाही. कोणाही मानवाला अमरत्व दिलेले नाही, असे सूरा २१:३४ सांगते. मुहंमद हे केवळ प्रेषित असून त्यांच्यापूर्वीचे प्रेषित होऊन गेले, असे ३:१४४ मध्ये आहे. ५:७५ मध्ये जवळजवळ तेच शब्द येशूविषयी येतात. (येथे 'प्रेषित' म्हणजे 'रसूल', आपले बारा प्रेषित नव्हेत.) ३:१४४ चा संबंध परंपरा इ. स. ६२५ मधील उहुदच्या लढाईशी जोडते, कारण तेव्हा मुहंमद मारले गेल्याची आवई उठली होती. पुढे ६३२ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा अबू बक्र यांनी याच वचनाने गोंधळलेल्या अनुयायांना सावरले, असे सांगतात.

येशूविषयीची वचने मात्र वरवर पाहता परस्परांना छेद देतात. १९:३३ मध्ये पाळण्यातील येशू आपला जन्मदिवस, मृत्युदिवस आणि पुनरुत्थानाचा दिवस यांचा उल्लेख करतो. १९:१५ मध्ये योहानाविषयी, म्हणजे यह्याविषयी, असेच शब्द आहेत. उलट, ४:१५७-१५८ नुसार येशूला त्यांनी मारले नाही व क्रुसावरही दिले नाही. त्यांना तसे भासविण्यात आले आणि देवाने त्याला आपणाकडे उचलून घेतले.

या प्रश्नाची किल्ली ३:५५ मधील एका क्रियापदात आहे. तेथे देव येशूला सांगतो की, मी तुझी 'तवफ्फी' करीन व तुला आपणाकडे उचलून घेईन. या शब्दाचा मूळ भाव 'पूर्णपणे स्वाधीन करून घेणे' असा आहे. मृत्यूसाठी तो सर्रास येतो. ३२:११ मध्ये मृत्यूच्या दूताचे काम याच शब्दाने सांगितले आहे, १२:१०१ मध्ये योसेफ आपल्या अखेरीची प्रार्थना याच शब्दाने करतो, आणि उर्दूतील 'वफात' हा शब्दही त्याच धातूचा. तथापि ६:६० व ३९:४२ या ठिकाणी झोपेत देव जीव आपल्याकडे घेतो, त्यालाही हाच शब्द आहे.

त्यामुळे इ. स. ९२३ मध्ये निधन पावलेल्या अल-तबरी या थोर भाष्यकाराने अनेक मते नोंदविली आहेत. कोणी म्हणतात, येशूला झोपेत वर नेले. कोणी म्हणतात, त्याला देहासह पृथ्वीवरून घेतले. कोणाच्या मते तो खरोखर मरण पावला व मग उचलला गेला. आणखी काहींच्या मते वचनातील क्रम उलट समजावयाचा : उचलले जाणे आधी, मृत्यू अंतकाळी परतल्यावर. तबरीने स्वतः दुसरे मत स्वीकारले. बहुसंख्य मुसलमानांची श्रद्धा हीच आहे, म्हणून १९:३३ मधील मृत्युदिवस त्यांच्या दृष्टीने अद्याप यावयाचा आहे. १९४२ मध्ये कैरोच्या अल-अजहरमधील महमूद शलतूत यांनी मात्र या शब्दाचा सरळ अर्थ मृत्यू असाच आहे, असे मत दिले; १९५८ मध्ये ते त्या पीठाचे प्रमुख झाले.

येथेच आपल्या धर्मशिक्षकाची चूक दिसते. 'मरण पावला' येथून त्याने 'क्रुसावर मरण पावला' येथवर उडी घेतली. वरीलपैकी कोणाही भाष्यकाराने ती घेतलेली नाही. काही ख्रिस्ती अभ्यासक ४:१५७ चा अर्थ ८:१७ च्या आधारे लावतात. तेथे युद्धात मारणारे तुम्ही नव्हता, तर देव होता, असे म्हटले आहे. त्यावरून, ४:१५७ मध्ये मारणाऱ्यांची फुशारकी तेवढी नाकारली आहे, असे ते म्हणतात. हे वाचन विचारार्ह आहे. परंतु मुसलमान परंपरेने ते सामान्यतः मानलेले नाही, आणि शेजाऱ्याच्या शास्त्राचा अर्थ आपण त्याच्या वतीने ठरवू नये.

दुसरी एक विसंगती आपल्याला अधिक जवळची आहे. मी आणि माझे प्रेषित विजयी होऊच, असे देवाने लिहून ठेवले आहे, असे ५८:२१ म्हणते. तरीही संदेष्टे मारले गेले, हे कुराण वारंवार सांगते. मारले गेले ते 'नबी', विजयाचे वचन 'रसूलांना', असा भेद काहींनी केला. पण २:८७ व ५:७० मध्ये मारल्या गेलेल्यांना 'रसूल'च म्हटले आहे. ४०:५१ वर लिहिताना तबरीने यह्याचे उदाहरण घेऊन निराळे उत्तर दिले. संदेष्टा मारला गेला तरी देव त्याच्या पश्चात मारणाऱ्यांचा न्याय करतो. साहाय्य त्याच्या हयातीतच दिसले पाहिजे असे नाही.

म्हणजे, मारला गेलेला संदेष्टा देवाने टाकलेला नसतो, हे कुराणाचे भाष्यकारही मानतात. संवादाचा आरंभ येथून करता येईल. त्यापुढील भेद मात्र झाकू नये. देवाने येशूला मृत्यूपासून वाचवून नव्हे, तर मृत्यूतून उठवून विजय दिला, अशी आपली श्रद्धा आहे. ती शुभवर्तमानाच्या साक्षीवर उभी आहे. ३:५५ च्या टेकूची तिला गरज नाही. आणि शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा त्याच्या धर्मग्रंथाविषयी बोलतानाही लागू आहे.

त्या धर्मशिक्षकाला मी एवढेच सुचविले : पुन्हा जा, आणि या वेळी ते वचन दाखवू नका; त्या गृहस्थांना ते कसे वाचतात, हे विचारा.