डायलिसिस आणि डाळिंबाचा रस

वेळापूरहून महूदमार्गे सांगोल्याकडे निघालं की डाळिंबाच्या बागा दिसू लागतात. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे घरात कुणाचं डायलिसिस सुरू झालं की पाहुणे हमखास सांगतात, ‘रोज रस द्या, रक्त वाढतं.’

सल्ला प्रेमाचा आहे, अर्धवटही आहे.

कापलेलं वांगं उघडं ठेवलं की काळं पडतं. ऑक्सिजनची तशीच करामत शरीरातही चालू असते, पण निरोगी शरीर तिला आवर घालतं. मूत्रपिंड निकामी झालं की हा तोल बिघडतो. याला म्हणतात ऑक्सिडेटिव्ह ताण. गंमत अशी, की जीव वाचवणारं डायलिसिसही त्यात भर घालतं. रक्त यंत्रातल्या कृत्रिम पडद्याला लागलं की पांढऱ्या पेशी चवताळतात आणि ऑक्सिजनची तिखट, अस्थिर रूपं सोडतात. चार तासांच्या एका बैठकीत पडद्यापलीकडून साधारण १२० लिटर द्रव वाहतो. त्यासाठीचं पाणी पुरेसं शुद्ध नसेल, तर जंतूंचे विषारी अंश रक्तापर्यंत पोचून दाह वाढवतात. वर, पाण्यात विरघळणारं ‘क’ जीवनसत्त्व, म्हणजे हा ताण रोखणारा शिपाईच, कचऱ्याबरोबर निघून जातो. रक्तक्षयासाठी शिरेतून दिलेलं लोहही जास्त झालं तर हीच आग भडकवतं. झळ बसते रक्तवाहिन्यांना. डायलिसिसच्या रुग्णांच्या मृत्यूंमागे हृदयविकार हे मोठं कारण आहे.

मग डाळिंब? इस्रायलमध्ये १०१ रुग्णांना दोन गटांत विभागून वर्षभर चाचणी झाली. एका गटाला डाळिंबाचा रस, दुसऱ्याला तसंच दिसणारं पेय. रस घेणाऱ्यांत ताण, दाह आणि संसर्ग कमी आढळले. निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले. मात्र नंतरच्या छोट्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. शिवाय तो रस फक्त १०० मिलिलिटर, आठवड्यातून तीनदा, तोही डायलिसिसच्या वेळीच दिला होता. आपल्याकडे हा तपशील कुणी सांगत नाही, आणि खरी मेख तिथंच आहे. डाळिंबात पोटॅशियम भरपूर असतं. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत ते साठलं तर हृदयाचे ठोके थांबू शकतात. ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनानं घेणंही तसंच धोक्याचं, कारण त्यातून बनणारं ऑक्झलेट मूत्रपिंडाविना बाहेर पडत नाही.

म्हणून पेला भरण्याआधी पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा आणि केंद्रातल्या पाण्याची तपासणी कधी झाली, तेही जरूर विचारा.