थोपटणाऱ्या हाताची लाट

सात महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर झोपलं होतं आणि पडद्याच्या कडेला लाल पट्टा उमटला. सॉफ्टवेअरच्या मते बाळाला झटका सुरू झाला होता. मीही दचकले. डोक्याच्या मागच्या तारांवरून एकसारख्या, गोलसर लाटा येत होत्या, सेकंदाला तीन, आखून काढल्यासारख्या. बाळाकडे पाहिलं. ओठ मिटलेले, मुठी सैल, श्वास शांत. मग नजर खाली गेली. आई त्याच्या पाठीवर भराभर थोपटत होती.

"ताई, जरा हात थांबवा."

हात थांबला, लाटा थांबल्या. "आता थोपटा." लाटा परत आल्या.

त्या जागी मी नोंद टाकली, 'आई थोपटते आहे', आणि रेकॉर्डिंग पुढे चालू ठेवलं.

बुलढाणा शहरात मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी काढायचं काम मी बरीच वर्षं करते. लोक त्याला 'डोक्याची पट्टी' म्हणतात, छातीची काढतात तशी. मोताळ्याकडची माणसं राजूर घाट चढून पहिल्या एस.टी.नं येतात, लोणार, मेहकर, पार संग्रामपूरकडूनही येतात. लहान मुलांना आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवून आणायला सांगितलेलं असतं, कारण झोप लागताना आणि झोपेत मेंदू पुष्कळ काही दाखवतो. त्यामुळे सकाळी माझ्या दारात बसलेल्या आया मुलांपेक्षा जास्त थकलेल्या असतात. केसांना तेल लावू नका, शाम्पूनं धुऊन या, असं आम्ही चिठ्ठीवर लिहून देतो. तरी निम्मी डोकी तेलानं चपचपीत. लेकराला परगावी न्यायचं आणि तेही डॉक्टरकडे, तर त्याचं डोकं कोरडं कसं ठेवायचं, हे त्या माउलीला पटत नाही. मी रागावत नाही. कापूस घेते आणि पुसायला बसते.

मग टेप. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत मोजायचं आणि त्या अंतराच्या दहा नि वीस टक्क्यांवर खुणा करायच्या. १९५८ साली हर्बर्ट जॅस्पर यांनी मांडलेली ही पद्धत आजही जगभर तीच आहे. डोकं लहान असो की मोठं, खूण त्याच जागेवर पडते. एकेका खुणेवर खरखरीत जेल घासायचं, पेस्ट भरलेली छोटी वाटी चिकटवायची. अशा एकवीस वाट्या. एवढी घासाघीस कशासाठी, तर कातडीवर पोचणारी मेंदूची वीज व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते. भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. एक वाटी सैल सुटली किंवा कुणी खाटेजवळ मोबाइल चार्जिंगला लावला, की तोच हेलकावा आलेखावर जाड काळी झालर होऊन बसतो.

जर्मनीतल्या येना इथं हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख काढला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यानंतर कितीतरी दशकं तो वाचायला डोळ्यांशिवाय दुसरं साधन नव्हतं. एका पानावर दहा सेकंद मावतात. वीस मिनिटांची पट्टी म्हणजे एकशे वीस पानं, ती डॉक्टर वाचतात. पण रुग्णाला चोवीस तास तारा लावून ठेवल्या तर आठ हजार सहाशे चाळीस पानं होतात. त्यात झटका दोन मिनिटांचा, म्हणजे बारा पानांचा. ही बारा पानं शोधायला यंत्राची मदत हवी होती.

मॉन्ट्रियलच्या जाँ गॉटमन यांनी १९८२ मध्ये जी रीत मांडली, तिचा गाभा समजायला सोपा आहे. आलेखाचे छोटे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात लाट किती उंच, किती नियमित, सेकंदाला किती वेळा, हे मोजायचं आणि थोड्या वेळापूर्वीच्या त्याच माणसाच्या आलेखाशी ताडून पाहायचं. जागा मेंदू बाजारासारखा असतो, प्रत्येक जण आपापलं बोलत असतो. झटक्यात असंख्य पेशी एका ठेक्यात येतात. तो ठेका पकडायचा. आताची सॉफ्टवेअर डॉक्टरांनी खुणा करून दिलेल्या आलेखांवरून शिकतात, पण धडपड त्याच ठेक्यासाठी असते.

मात्र ठेका मेंदूचाच असतो असं नाही. चघळणं, पापण्यांची फडफड, कंप सुटलेला हात आणि आईचं थोपटणं, सगळ्याला ठेका आहे.

जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी मागे मला भेटायला आला होता. प्रोजेक्ट याच विषयावर. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयानं आणि एमआयटीनं मिळून बावीस रुग्णांचे आलेख सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत, त्यावर त्यानं प्रोग्राम चालवला होता. नव्व्याण्णव टक्के अचूक, म्हणाला. गुणी मुलगा होता, म्हणून त्याच्यासमोर हिशेब मांडला. दिवसात चौदाशे चाळीस मिनिटं, झटका दोन मिनिटांचा. एखादा प्रोग्राम दिवसभर डोळे मिटून 'झटका नाही, झटका नाही' म्हणत बसला, तरी तो साडेनव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ठरेल. आणि झटका एकही सापडलेला नसेल. म्हणून दोनच गोष्टी विचारायच्या: किती झटके पकडले आणि दिवसाला किती वेळा खोटी हाक दिली? त्याच बोस्टनच्या आलेखांवर अली शोएब आणि जॉन गटॅग यांनी २०१० मध्ये दिलेलं उत्तर असं होतं: १७३ पैकी ९६ टक्के झटके पकडले, सर्वसाधारणपणे तीन सेकंदांत, आणि चोवीस तासांत दोन खोट्या हाका. फार मोलाचं काम. पण त्या बावीस जणांत सर्वांत लहान मूल दीड वर्षाचं. माझ्या खाटेवरचं सात महिन्यांचं बाळ त्यात नव्हतं.

तो दिवसभर थांबला. वाटी कशी चिकटवतात हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. जाताना तेलाचे हात रुमालाला पुसत होता.

खोटी हाक आमच्याकडे केवढ्याला पडते, ते सांगते. एका मुलीचे वडील माझ्या खांद्यामागून पडदा पाहत उभे होते. मुलगी दात खात होती आणि लाल पट्टा आला. "मॅडम, कागदावर मिरगी लिहू नका. पोरीचं जमत आलं हाये." मी सांगितलं की हे जबड्याच्या स्नायूंचं आहे, आणि पट्टा यंत्राचा, निदान डॉक्टरांचं. त्यांनी मान हलवली, पण डोळे त्या लाल रंगावरून हलले नाहीत. अपस्मारामुळे लग्न करता येत नाही अशी अट हिंदू विवाह कायद्यात होती, ती १९९९ मध्ये काढून टाकली. घराघरांतून ती अजून गेलेली नाही. त्या दिवसापासून मी पडदा भिंतीकडे फिरवून ठेवते.

आमच्या तालुक्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. मनाच्या आजारांनी गांजलेली, कुणीतरी 'बाहेरचं' ठरवलेली माणसं तिथं लांबून आणतात. त्यांत झटके येणारेही असतात. तिथून माझ्याकडे येणाऱ्यांना मी टोचून बोलत नाही. चप्पल हुंगवून, कांदा फोडून, अंगारा लावून ती दमलेली असतात. मी एवढंच सांगते: झटका आला की कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, घड्याळ बघा आणि जमलं तर मोबाइलवर चित्रण करा. पाच मिनिटांच्या वर गेला तर थेट दवाखाना. त्या चित्रणातून डॉक्टरांना कधीकधी माझ्या एकवीस वाट्यांपेक्षा जास्त कळतं, कारण वीस मिनिटांच्या पट्टीत काही दिसलं नाही म्हणून आजार नाही असं होत नाही.

आणि यंत्राचं ऋणही मला मांडायचं आहे. आठ वर्षांची एक मुलगी आली होती. तक्रार अशी की वर्गात लक्ष नसतं, लिहिता लिहिता थांबते, पाढे अर्धवट सोडते. झटके कधीच नाहीत. मोठी माणसं या तपासणीत तीन मिनिटं जोरजोरात श्वास घेतात. मुलांना मी कागदाची भिंगरी देते. तिनं फुंकायला सुरुवात केली. दुसऱ्या मिनिटाला एक वाटी सुटलीसं वाटलं म्हणून मी तारांकडे वळले, आणि नेमका तेव्हाच लाल पट्टा आला. मी मान वर केली. सगळ्या तारांवर एकाच वेळी टोक आणि लाट, टोक आणि लाट, सेकंदाला तीन. १९३५ मध्ये बोस्टनमध्ये पहिल्यांदा नीट वर्णिलेलं तेच रूप. मुलगी डोळे उघडे ठेवून समोर बघत होती. भिंगरी थांबली होती.

अशा वेळी एक शब्द द्यायचा असतो. मी तिच्या कानाशी स्पष्ट म्हणाले, "पेरू."

अकरा सेकंदांनी लाटा तुटल्या आणि तिनं मधे काही घडलंच नाही अशी पुन्हा फुंकर मारली. भिंगरी फिरली.

"बाळा, मी आत्ता तुला कोणतं फळ सांगितलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "तुम्ही कुठं काय बोलल्या?"

आईनं तोंडाला पदर लावला. "अशीच करते वो ताई," ती म्हणाली, "आन् आम्ही मारलं तिले."